बोटावर तपासलेली सुरी

शिरूर आणि दौंड, दोन्ही गावांना श्रीगोंदा तसे शेजारचेच. दौंडहून भीमा ओलांडली की तालुका बदलतो आणि जिल्हाही. शिरूरकडून निघाले तर मध्ये घोड नदी लागते. दौंड-मनमाड लोहमार्गावर श्रीगोंदा रोड नावाचे स्टेशन आहे. ऊस, बाजार, सोयरिकी अशा कारणांनी इकडची माणसे तिकडे आणि तिकडची इकडे सतत येत-जात असतात. या गावाचे जुने नाव चांभारगोंदे. सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी तिथे एक मुसलमान साधक मराठीत ओव्या रचत होता. त्याच्या ग्रंथाचे नाव ‘योगसंग्राम’ आणि त्याचे नाव शेख महंमद. लोक त्यांना शेख महंमद बाबा म्हणतात, काही जण महाराज म्हणतात.

त्यांच्याविषयी सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट सुरीची आहे. घराण्याकडे मुलाणकी होती, असे ही गोष्ट सांगते. जुन्या गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदारांत मोडत असे आणि जनावर रीतीप्रमाणे हलाल करणे हे त्याचे काम असे. एके दिवशी शेख महंमदांसमोर बोकड उभा होता. धार लागली आहे की नाही हे पाहायला त्यांनी सुरी आपल्याच बोटावरून फिरवली. बोट कापले, रक्त आले, कळ थेट मस्तकात गेली. एवढ्याशा जखमेने आपली ही गत, तर गळ्यावर सुरी फिरते तेव्हा या मुक्या जिवाचे काय होत असेल, हा विचार त्यांच्या मनात आला आणि हात थांबला. तिथून पुढे त्यांनी ते काम सोडले आणि ईश्वराच्या शोधाला लागले.

या गोष्टीतला एक बारकावा सांगणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्याही नजरेतून बहुधा निसटतो. सुरीची धार तपासणे हा काही शेख महंमदांचा लहरीपणा नव्हता. जनावर हलाल करायचे तर सुरी धारदार असली पाहिजे, त्याला विनाकारण यातना होता कामा नयेत, अशी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. जनावराच्या डोळ्यांदेखत सुरी पाजळू नये, असेही सांगितलेले आहे. म्हणजे शेख महंमद धर्माचा नियमच पाळत होते. फरक इतकाच की बहुतेक जण नियम सवयीने पाळतात, आणि त्यांनी तो पाळताना नियम का सांगितला आहे याचा अनुभव स्वतःच्या बोटावर घेतला. नियमामागची दया त्यांना कळली आणि मग ती नियमाच्याही पुढे घेऊन गेली. कुर्बानीच्या विरोधात किंवा बाजूने दाखला म्हणून ही गोष्ट वापरणारे दोन्हीकडे भेटतात. तो वाद या गोष्टीत नाही. इथे आहे तो तपासून पाहण्याची सवय असलेला एक माणूस.

आता अशा माणसाच्या चरित्राची तपासणी करू नये असे कसे म्हणता येईल? शेख महंमद सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि सतराव्या शतकाचा पूर्वार्ध या काळातले, एवढे निश्चित. जन्मस्थळाबाबत मात्र कोणी बीड जिल्ह्यातल्या धारूरचे नाव घेते, तर कोणी आष्टी तालुक्यातल्या वाहिऱ्याचे. वडील राजे महंमद आणि आई फुलाई. गोष्टीत घराणे मुलाण्याचे आहे; गुरुपरंपरेच्या वृत्तांतात मात्र वडील स्वतःच कादरी परंपरेतले सूफी आहेत. या दोन चित्रांचा मेळ सहज बसत नाही. वा. सी. बेंद्रे आणि रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकांनी या संताकडे पुन्हा लक्ष वेधले, बेंद्रे यांनी ग्रंथाचे संपादन केले, ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, तेव्हा कुठे आख्यायिका आणि आधार यांची थोडीफार निवडानिवड होऊ लागली. सुरीची गोष्ट आख्यायिकेच्या बाजूलाच राहते. पण लोकांनी या माणसाविषयी रचायला नेमकी हीच गोष्ट का निवडली, याचे उत्तर त्यांच्या ग्रंथात सापडते.

गुरूंची हकिकत मोठी रंजक आहे. शेख महंमदांचे गुरू चांद बोधले. सूफी परंपरेत तेच चांदसाहेब कादरी म्हणून ओळखले जातात. त्यांचे स्थान दौलताबादेस आहे. याच चांद बोधल्यांना जनार्दनस्वामींचेही गुरू मानले जाते. जनार्दनस्वामी हे दौलताबादचे किल्लेदार आणि पैठणच्या संत एकनाथांचे गुरू. म्हणजे परंपरेचा हिशेब मांडला तर एकनाथ हे चांद बोधल्यांच्या शिष्याचे शिष्य आणि शेख महंमद हे थेट शिष्य. एकाने भागवताची मराठी टीका लिहिली, दुसऱ्याने ‘योगसंग्राम’. एकनाथांना दत्तात्रेयांचे दर्शन मलंग फकिराच्या वेषात झाले अशी कथा वारकरी घरांत आजही सांगतात. त्या कथेमागे दौलताबादच्या या फकिराची सावली आहे असे अनेक अभ्यासकांना वाटते.

श्रीगोंद्याशी शेख महंमदांचा संबंध जोडला जातो तो मालोजीराजे भोसले यांच्यामुळे. शिवाजी महाराजांचे हे आजोबा निजामशाहीत सरदार होते. त्यांनी शेख महंमदांना गुरुस्थानी मानले, श्रीगोंद्यात मठ बांधून दिला, जमीन दिली, अशी परंपरा आहे. मालोजींच्या घरी हे काही वेगळे घडले नव्हते. नगरच्या शाह शरीफ पिरांच्या कृपेने झाली म्हणून त्यांनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, हे तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या काळात श्रद्धेची दारे अशीच उघडी असत. मात्र उघड्या दारांतून सगळेच आत येते, भले आणि बुरे दोन्ही, आणि शेख महंमदांना चिंता होती ती याचीच.

तो काळ सुखाचा नव्हता. निजामशाही मोडकळीस आली होती. १६२६ मध्ये मलिक अंबर गेले आणि १६३६ मध्ये राज्यच बुडाले. मधल्या १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. याच दुष्काळात देहूच्या तुकारामांचे दुकान बुडाले, पहिली पत्नी अन्नाविना गेली. भीमेच्या आणि घोडेच्या काठांवरची गावेही त्याच पट्ट्यातली. अशा दिवसांत माणूस काय करतो? नवस बोलतो, बकरे कबूल करतो, अंगात आलेल्यापुढे डोके टेकतो, कानात मंत्र सांगणाऱ्याच्या हाती उरलेसुरले चार पैसे ठेवतो. हे करणाऱ्याला हसणे सोपे आहे. ज्याच्या घरात पोर तापाने फणफणते आहे आणि गावात वैद्य नाही, त्याच्या जागी उभे राहून पाहिले तर हसू येत नाही. शेख महंमदांनी रागावून लिहिले आहे ते प्रामुख्याने नवस बोलणाऱ्यावर नाही. त्या नवसावर जगणाऱ्यावर आहे.

‘योगसंग्राम’ पूर्ण झाला तो १६४५ च्या सुमारास. अठरा प्रसंग, म्हणजे अठरा अध्याय, आणि दोन हजारांहून अधिक ओव्या. नावाप्रमाणे ही लढाईची कथा आहे. रणांगण मात्र माणसाच्या आत आहे. आत्मा हा शूर शिपाई. त्याच्यासमोर अहंकार आणि त्याचे साथीदार काम, क्रोध, लोभ. दख्खनमध्ये जेव्हा गावोगावी खरोखरच घोडदळे फिरत होती तेव्हा या माणसाने घोडा, शस्त्रे, चढाई ही सगळी भाषा उचलून आतल्या युद्धाला लावली. मुसलमान वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. सूफींनी स्वतःच्या नफ्सशी, म्हणजे हाव आणि अहंकाराशी, चालणाऱ्या झगड्यालाच जिहाद-ए-अकबर, सर्वांत मोठी झुंज, म्हटले आहे. रमजानचा महिना म्हणजे त्याच झुंजीचा सराव. दार लावून घेऊन कोणी घोटभर पाणी प्यायले तर जगात कोणाला कळणार नाही. रोजा खरा की दिखाऊ हे रोजेदार आणि अल्लाह या दोघांनाच माहीत असते. या महिन्यात माणूस स्वतःच आपला साक्षीदार असतो, आणि स्वतःची उलटतपासणीही त्यालाच करावी लागते.

ग्रंथातला सर्वांत धारदार भाग आहे तो भोंदू गुरूंवरचा. शेख महंमदांनी त्यांना सोडलेले नाही. राख फासणारे, जटा वाढवणारे, कानात मुद्रा घालून मिरवणारे, शब्दांचे अवडंबर माजवून शिष्य गोळा करणारे आणि त्या शिष्यांच्या घरावर डोळा ठेवणारे, सगळे त्यांच्या तावडीत सापडतात. पोथी पाठ असलेला पण आतून कोरडा पंडित सुटत नाही, तसा बाहेरच्या कर्मकांडात अडकलेला मुल्लाही सुटत नाही. क्षुद्र देवतांच्या भीतीवर आणि त्यांच्या नावाने होणाऱ्या पशुबळींवर ते तुटून पडतात. देव एकच, तो निराकार, तो सर्वत्र. मग त्याच्या नावाने भीती विकणारे हे दलाल कोण, असा त्या सगळ्या टीकेचा रोख आहे.

इथे एक अडचण उभी राहते आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शेख महंमद हे गुरुभक्त होते. साधेसुधे नव्हे, कट्टर. गुरूवाचून मार्ग नाही, गुरूपुढे मीपण सोडल्याशिवाय काही हाती लागत नाही, हे त्यांनी पुन्हापुन्हा सांगितले आहे. सूफींच्या मुरिदाने पिरासमोर आणि वारकऱ्याने सद्गुरूसमोर जसे नमायचे, तसेच त्यांनी चांद बोधल्यांपुढे नमून दाखवले. मग गुरूला शरण जा असे सांगणारा माणूस गुरूंवर संशय घ्यायलाही कसा शिकवतो? आजचा एखादा चिकित्सक वाचक म्हणेल की हा विरोधाभास आहे. एकदा शरण गेले की प्रश्न संपले. आणि एखादा भाविक म्हणेल की प्रश्न विचारणारा मुळात शरणच गेलेला नाही.

शेख महंमदांच्या लेखी मात्र या दोन गोष्टी एकाच कामाच्या आहेत. सोनार सोने कसाला लावतो ते सोन्यावर विश्वास नाही म्हणून नाही. सोने मौल्यवान आहे आणि बाजारात पितळही चमकते, म्हणून. ज्याला शेणी विकत घ्यायच्या आहेत तो कसोटीचा दगड बरोबर नेत नाही. ज्याच्या हाती आपले सगळे आयुष्य द्यायचे त्याला पारखून घेतले नाही, तर ती भक्ती नव्हे, आळस आहे. आणि पारखायचे कशावर? त्याच्या चमत्कारांवर नाही, वेषावर नाही. त्याच्या सहवासात आपला लोभ आणि आपला मीपणा कमी होतो की वाढतो यावर. ही कसोटी गुरूच्या नव्हे, शिष्याच्या अंगावर घ्यावी लागते. पुन्हा ती सुरी आणि ते बोट.

हा विचार श्रीगोंद्यात आभाळातून पडला नव्हता. शेख महंमद ज्या कादरी परंपरेतले, तिचा उगम बगदादचा, आणि त्याच शहरात त्यांच्या आधी साडेपाचशे वर्षे एका फार मोठ्या आलिमाने संशयाची खोल दरी पाहिली होती. इमाम गझाली यांचा जन्म १०५८ मध्ये इराणातल्या तूस इथला. १०९१ मध्ये ते बगदादच्या निजामिया मदरशाचे प्रमुख अध्यापक झाले. त्या काळच्या मुस्लीम जगातली ही सर्वांत मानाची जागा. आपली हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. लहानपणीच त्यांना एक गोष्ट खटकली होती. ख्रिश्चनाचे पोर ख्रिश्चन होते, ज्यूचे ज्यू होते, मुसलमानाचे मुसलमान होते. मग घरात मिळालेला विश्वास आणि स्वतः पडताळलेले सत्य यांत फरक कसा करायचा? त्यांनी इंद्रियांपासून सुरुवात केली. डोळ्याला तारा नाण्याएवढा दिसतो. गणित सांगते तो पृथ्वीहून मोठा आहे. म्हणजे डोळा फसवतो. मग बुद्धी? स्वप्नात आपल्याला सगळे खरेच वाटत असते, जागे झाल्यावर कळते. जागेपणाच्या पलीकडे आणखी एखादी जाग नसेल कशावरून? सुमारे दोन महिने ते अशा अवस्थेत होते की कशावरच विश्वास ठेवता येईना. त्यातून बाहेर काढले ते युक्तिवादाने नाही, अल्लाहने हृदयात टाकलेल्या प्रकाशाने, असे ते प्रांजळपणे नोंदवतात.

याच गझालींनी तत्त्वज्ञांवर कडाडून टीका केली, म्हणून त्यांना विचारस्वातंत्र्याचे शत्रू ठरवणारे पुष्कळ आहेत. त्यात थोडे तथ्यही आहे; काही मतांबद्दल त्यांनी तत्त्वज्ञांना सरळ धर्मबाह्य ठरवले. पण त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला त्यांनी ग्रहणांचा दाखला दिला आहे. पृथ्वी सूर्य आणि चंद्र यांच्या मध्ये येते म्हणून चंद्रग्रहण होते, हे गणिताने सिद्ध आहे. धर्माच्या नावाखाली ते नाकारायला जाणारा माणूस धर्माचे रक्षण करत नाही, उलट विरोधकांपेक्षा जास्त नुकसान करतो, असा त्यांचा मुद्दा होता. अकराव्या शतकातला हा मुद्दा ग्रहणाच्या दिवशी आपल्याकडच्या किती घरांत पोहोचला आहे, ते ज्याने त्याने पाहावे.

१०९५ मध्ये गझालींनी आणखी एक तपासणी केली, या वेळी स्वतःच्या हेतूंची. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावासाठी? उत्तर नावासाठी असे आले. त्यांची वाचाच बसली, अन्न जाईना, वैद्यांनी हात टेकले. अखेर ती जागा, तो मान सोडून ते दमास्कसच्या वाटेला लागले. ज्या वर्षी गझालींनी बगदाद सोडले, त्याच वर्षी गीलान प्रांतातून अठरा वर्षांचा एक तरुण शिकायला बगदादमध्ये आला, असे चरित्रकार सांगतात. त्याचे नाव अब्दुल कादिर. हेच पुढे गौस-ए-आजम शेख अब्दुल कादिर जिलानी म्हणून ओळखले गेले आणि त्यांच्या नावावरून कादरी सिलसिला सुरू झाला. तो सिलसिला पिढ्यान्‌पिढ्या चालत दख्खनमध्ये आला, दौलताबादेस चांद बोधल्यांपाशी आला आणि तिथून भीमेच्या खोऱ्यात.

या सगळ्याच्याही मागे, पवित्र कुरआनात, हजरत इब्राहिम अलैहिस्सलाम यांच्या दोन कथा आहेत. रमजान हा कुरआन अवतरण्याचा महिना, म्हणून त्या इथे आठवाव्यात. एका रात्री तरुण इब्राहिमांनी तारा पाहिला आणि हाच का माझा पालनकर्ता, असे म्हटले; तारा मावळला, आणि मावळणारे मला नको, असे ते म्हणाले. मग चंद्र, मग सूर्य. तिन्ही मावळले. तेव्हा त्यांनी तोंड फिरवले ते या सर्वांना निर्माण करणाऱ्याकडे. दुसरी कथा त्याहून धीट आहे. इब्राहिमांनी खुद्द अल्लाहलाच विचारले की तू मृतांना जिवंत कसे करतोस ते मला दाखव. तुझा विश्वास नाही का, असा प्रतिप्रश्न झाला. विश्वास आहे, पण मनाचे समाधान हवे, असे त्यांचे उत्तर होते. त्यांना त्यासाठी दटावले गेले नाही, दाखवले गेले. विश्वास असूनही विचारणे आणि विचारूनही विश्वास असणे, दोन्ही त्या एका उत्तरात आहे. वाडवडील करत आले म्हणून करतो, एवढेच कारण देणाऱ्यांना मात्र कुरआनाने वारंवार प्रश्न विचारला आहे: वाडवडिलांना समज नसली तरीही?

शेख महंमदांना हा वारसा अरबी-फारसीतून मिळाला आणि त्यांनी तो मराठीत मांडला. काही रचना त्यांनी हिंदुस्थानीतही केल्या. पण मोठे काम मराठीतच, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत. मुसलमान ज्याला पीर म्हणतात आणि मराठे ज्याला सद्गुरू म्हणतात त्यात भेद नाही, असे त्यांनी सांगितले. स्वतःची ओळख देताना त्यांनी अविंध हा शब्द वापरला. अविंध म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो, मुसलमान. त्या काळी हा शब्द हिणवण्यासाठीही वापरत. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध अभंगात केतकीच्या काटेरी झाडातला केवडा येतो, काटेरी फणसाच्या पोटातला गोडवा येतो, कठीण नारळातले पाणी येते, आणि शेवटी हा अविंध आणि त्याच्या हृदयातला गोविंद. त्यांनी आपले मुसलमानपण लपवले नाही, पुसलेही नाही. वरचे साल पाहून आतला गर ठरवू नका, एवढेच सांगितले. बाहेरून पाहून निष्कर्ष काढण्याची जी घाई, तिच्याविरुद्ध याहून घरगुती युक्तिवाद मराठीत क्वचितच झाला असेल. फणस तर प्रत्येकाने फोडलेला असतो.

त्यांना आजच्या अर्थाने बुद्धिवादी म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. त्यांनी ईश्वरावर शंका घेतली नाही, परलोकावर घेतली नाही, योगमार्गातल्या गूढ अनुभवांवरही घेतली नाही. त्यांची चिकित्सा जिथे थांबते तिथे आजच्या अनेक वाचकांची सुरू होते. महात्मा फुले यांचा सत्यशोधक समाज १८७३ मध्ये स्थापन झाला, हमीद दलवाई यांचे मुस्लिम सत्यशोधक मंडळ १९७० मध्ये. या दोन्ही चळवळींनी व्यवस्थेला आणि कायद्याला प्रश्न विचारले. शेख महंमदांनी संस्था काढली नाही, हक्क मागितले नाहीत. त्यांचा प्रश्न माणसामाणसाशी, एकेकट्याशी होता. पण धर्माच्या आत उभे राहून, धर्माच्याच शब्दांत, धर्माच्या नावावर चालणाऱ्या फसवणुकीला फसवणूक म्हणणे हे सोपे काम नसते. बाहेरच्या टीकाकाराला परका म्हणून बाजूला करता येते. आतल्याला तसे करता येत नाही, म्हणून त्याचा राग जास्त येतो. शेख महंमदांना दोन घरे होती, त्यामुळे रागावणारेही दोन्हीकडे असणार.

त्यांच्या पश्चात काय झाले हे पाहण्यासारखे आहे. चमत्कारांच्या भोंदूपणावर बोलणाऱ्या माणसाच्या नावाला चमत्कारच येऊन चिकटले. देहूला तुकोबांचे कीर्तन चालू असताना मंडपाला आग लागली आणि श्रीगोंद्यात बसल्या जागी शेख महंमदांनी ती हातांनी विझवली, अशी एक कथा आहे. ते कबीराचे अवतार होते अशीही समजूत आहे. या कथा खऱ्या मानायच्या की नाहीत हे ज्याच्या त्याच्यावर. कथेत चमत्कार बाजूला केला तरी एक गोष्ट उरते: लोकांच्या मनात देहू आणि श्रीगोंदा एवढे जवळ होते की एकीकडे लागलेली आग दुसरीकडच्याला जाणवावी. तुकोबांची पालखी दरवर्षी दौंड तालुक्यातून यवत, वरवंडवरून पुढे जाते. ज्या समकालीनाच्या नावाने ही आगीची कथा सांगतात, त्याचे गाव तिथून फार लांब नाही.

सतराव्या शतकाच्या मध्यात कधीतरी शेख महंमद गेले. श्रीगोंद्यात त्यांचे स्थान आहे. कोणी त्याला समाधी म्हणते, कोणी दर्गा. तिथे फूल वाहणारेही जातात आणि फातिहा पढणारेही. अलीकडच्या काळात या दोन शब्दांवरून वाद झाले आहेत. ज्याचे त्याचे कागद आहेत, ज्याच्या त्याच्या भावना आहेत, आणि निकाल देणे हे ज्यांचे काम ते देतील. ‘योगसंग्राम’ मात्र छापील स्वरूपात उपलब्ध आहे, आणि पीर व सद्गुरू या दोन शब्दांविषयी बाबांना काय वाटत होते ते त्यात त्यांच्याच मराठीत लिहिलेले आहे.